पायाळू बाळ: नॉर्मल प्रसूती की सिझेरियन? बाळाच्या बाजूने वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोनोग्राफीच्या रिपोर्टवर ‘ब्रीच’ लिहून आलं की घरात चर्चा सुरू होते. कुणी म्हणतं आता सिझरच, कुणी म्हणतं पूर्वी काय सगळ्यांची सिझरं व्हायची का. या सगळ्यात नवजात बाळाचं काय होतं, याची नीट माहिती क्वचितच हाती लागते. खालची उत्तरं त्यासाठीच आहेत. तुमच्या डॉक्टरांनी केलेल्या तपासणीऐवजी ती वापरू नका, पण डॉक्टरांसमोर बसण्याआधी जरूर वाचा.

ब्रीच म्हणजे नक्की काय? सगळी पायाळू बाळं सारखीच असतात का?

नाही, आणि हा फरक महत्त्वाचा आहे. डोकं वर आणि नितंब किंवा पाय खाली असलेल्या बाळाला ब्रीच म्हणतात. दिवस भरलेल्या शंभर बाळांपैकी साधारण ३ ते ४ अशी असतात.

त्यातली सर्वात जास्त ‘फ्रँक ब्रीच’ असतात: नितंब खाली, गुडघे सरळ आणि पावलं थेट चेहऱ्याजवळ. ‘कम्प्लीट ब्रीच’मध्ये गुडघे दुमडलेले असतात. ‘फूटलिंग’मध्ये एक किंवा दोन्ही पावलं नितंबांच्याही खाली आलेली असतात. फ्रँक ब्रीचमध्ये नितंबांनी गर्भाशयाचं तोंड बऱ्यापैकी भरून जातं. फूटलिंगमध्ये तिथे जागा मोकळी राहते, आणि पाणमोट फुटली की त्या जागेतून नाळ खाली घसरू शकते. फ्रँक ब्रीचमध्ये हे हजारात पाचेक वेळा घडतं, फूटलिंगमध्ये शंभरात १५ किंवा त्याहूनही जास्त. म्हणून रिपोर्टवर नुसतं ‘ब्रीच’ लिहिलेलं असेल तर कोणत्या प्रकारचं, हे विचारून घ्या.

सातव्या महिन्यात बाळाचं डोकं वर आहे. आत्ताच काळजी करायची का?

नाही. २८ आठवड्यांना जवळजवळ चारातलं एक बाळ ब्रीच असतं आणि बहुतेक बाळं पुढे आपोआप फिरतात. खरा प्रश्न ३६ आठवड्यांनंतर सुरू होतो.

थेट सांगा, बाळासाठी जास्त सुरक्षित काय?

दिवस भरलेल्या, एकट्या पायाळू बाळाच्या बाबतीत, जन्माच्या वेळचा आणि पहिल्या काही दिवसांचा धोका ठरवून केलेल्या सिझेरियनमध्ये कमी असतो. यावर आता फारसा वाद नाही. वाद आहे तो फरक किती मोठा आहे यावर, आणि योग्य निवड व कसलेले हात असतील तर तो किती कमी होतो यावर.

ब्रिटनमधल्या प्रसूतितज्ज्ञांच्या संस्थेने, म्हणजे रॉयल कॉलेजने, २०१७च्या मार्गदर्शक सूचनांत दर हजारी जन्मांमागे प्रसूतीच्या आसपास होणाऱ्या बालमृत्यूंचे अंदाज दिले आहेत. ३९ आठवड्यांनंतर ठरवून केलेल्या सिझेरियनमध्ये सुमारे ०.५, ठरवून केलेल्या नॉर्मल ब्रीच प्रसूतीत सुमारे २, आणि डोकं खाली असलेल्या बाळाच्या ठरवलेल्या नॉर्मल प्रसूतीत सुमारे १.

हा तिसरा आकडा सहसा कुणी सांगत नाही, आणि माझ्या मते तोच सर्वात उपयोगाचा आहे. हजारात दोन म्हणजे ९९८ बाळं सुखरूप. पण ०.५ च्या चौपट, हेही तितकंच खरं. ‘चौपट धोका’ एवढंच सांगितलं तर माणूस घाबरतो आणि ‘हजारात दोनच’ म्हटलं तर निर्धास्त होतो. दोन्ही वाक्यं एकत्र ऐकल्याशिवाय निर्णय घेऊ नका. आणखी एक गोष्ट: सिझेरियनचा आकडा इतका कमी दिसतो त्यात ३९ आठवड्यांनंतर पोटातच होणारे काही मृत्यू टळतात, त्याचाही वाटा आहे. तो फायदा ब्रीचपुरता नसतो.

डॉक्टर ज्या मोठ्या अभ्यासाचं नाव घेतात तो कोणता?

बहुधा ‘टर्म ब्रीच ट्रायल’. ऑक्टोबर २००० मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात तो प्रसिद्ध झाला. २६ देशांतल्या १२१ केंद्रांवर २,०८८ गर्भवतींना चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने दोन गटांत विभागलं: एका गटात ठरवून सिझेरियन, दुसऱ्यात ठरवून नॉर्मल. बाळाचा मृत्यू किंवा जन्मानंतरची गंभीर गुंतागुंत सिझेरियनच्या गटात १.६ टक्के आणि नॉर्मलच्या गटात ५ टक्के निघाली. फक्त मृत्यू पाहिले तर पहिल्या गटात ३ आणि दुसऱ्यात १३.

इथे ‘ठरवून’ या शब्दाकडे लक्ष द्या. नॉर्मलच्या गटातल्या ५७ टक्क्यांच्या आसपास बायकांचीच प्रसूती प्रत्यक्षात नॉर्मल झाली, बाकीच्यांचं सिझेरियन करावं लागलं. तरीही त्यांची बाळं नॉर्मलच्याच गटात मोजली, आणि ते बरोबरच आहे. कळा सुरू होण्याआधी तुम्ही फक्त बेत ठरवू शकता, शेवट नाही. प्रत्यक्षात नॉर्मल झालेल्या आणि प्रत्यक्षात सिझर झालेल्या बाळांची तुलना तुम्हाला कुठे वाचायला मिळाली तर जपून वाचा. तिथे घाईघाईत केलेली सिझेरियन ठरवलेल्या सिझेरियनमध्ये मिसळलेली असतात आणि चित्र दोन्ही बाजूंनी बिघडतं.

या निकालाचा परिणाम फार वेगाने झाला. नेदरलँड्समध्ये दोन महिन्यांत ब्रीच बाळांमधल्या सिझेरियनचं प्रमाण ५० टक्क्यांवरून ८० टक्क्यांवर गेलं. तिथला प्रसूतीच्या आसपासचा बालमृत्यूचा दर ०.३५ टक्क्यांवरून ०.१८ टक्क्यांवर आला.

मग त्या अभ्यासावर टीका का झाली?

टीकेत तथ्य आहे. काही बायकांना कळा सुरू झाल्यावर अभ्यासात घेतलं होतं. सगळीकडे सोनोग्राफीने बाळाची मान आणि वजन पाहिलेलं नव्हतं. नॉर्मलच्या गटात चार किलोंवरची बाळं जास्त होती. काही मृत्यूंचा प्रसूतीच्या पद्धतीशी संबंध लावता येत नव्हता. आणि प्रसूती करणाऱ्यांचा अनुभव सगळ्या केंद्रांवर सारखा नव्हता.

पण सर्वात मोठी गोष्ट २००४ मध्ये पुढे आली. याच अभ्यासातली ९२३ मुलं दोन वर्षांची झाल्यावर पुन्हा तपासली. मृत्यू किंवा मेंदूच्या विकासातला विलंब सिझेरियनच्या गटात ३.१ टक्के, नॉर्मलच्या गटात २.८ टक्के. म्हणजे काहीच फरक नाही. जन्मानंतर गंभीर म्हणून नोंदलेली बहुतेक बाळं दोन वर्षांत इतर मुलांसारखीच वाढत होती.

ज्यांचं बाळ जन्मानंतर चार दिवस एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) होतं त्या आईबापांना हे मुद्दाम सांगायला हवं. पहिल्या आठवड्यातली गंभीर नोंद आणि आयुष्यभराचं अपंगत्व या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्याच वेळी हेही लक्षात ठेवा की जे बाळ गेलं ते दोन वर्षांनी भरून निघत नाही. म्हणून ‘दोन वर्षांनी सगळं सारखंच’ असं कुणी म्हणालं तर मला ते अर्धवट वाटतं.

चांगली निवड केली तर नॉर्मल प्रसूतीही तितकीच सुरक्षित होते का?

फ्रान्स आणि बेल्जियममधल्या १७४ प्रसूतिगृहांनी ८,१०५ बायकांची नोंद ठेवली. हा अभ्यास २००६ मध्ये आला. त्यात २,५२६ जणींनी नॉर्मलचा बेत केला होता आणि त्यांतल्या ७१ टक्के जणींची प्रसूती तशीच झाली. बाळाचा मृत्यू किंवा गंभीर त्रास नॉर्मलच्या बेतात १.६० टक्के, सिझेरियनच्या बेतात १.४५ टक्के.

तिथे चिठ्ठ्या टाकलेल्या नव्हत्या, कुणाला कोणता बेत योग्य हे डॉक्टर ठरवत होते. शिवाय त्या देशांत ब्रीच प्रसूतीची सवय टिकून होती. बहुतेक जणींच्या कमरेच्या हाडांची मापं घेतली होती, कळांच्या काळात बाळाचे ठोके सतत पाहिले जात होते, आणि प्रगती थांबली की लगेच सिझेरियनकडे वळत होते. या अभ्यासावरून ‘कुठेही, कुणाकडेही नॉर्मल होऊ शकतं’ असा अर्थ काढणं धोक्याचं आहे.

नॉर्मल ब्रीच प्रसूतीत नेमका धोका कुठे असतो?

शेवटच्या काही मिनिटांत. डोकं खाली असलेल्या बाळात शरीराचा सर्वात मोठा आणि कठीण भाग आधी बाहेर येतो. कळांच्या तासन्‌तास चालणाऱ्या दाबाने कवटीची हाडं हळूहळू जुळवून घेतात. पायाळू बाळाचं डोकं शेवटी येतं आणि त्याला जुळवून घ्यायला वेळच मिळत नाही.

नितंब बाहेर येतात, मग पाय, मग नाभी. नाभी दिसली याचा अर्थ डोकं आता कमरेच्या हाडांत शिरतंय आणि नाळ डोकं व हाड यांच्यामध्ये दाबली जातेय. बाळाला ऑक्सिजन नाळेतूनच मिळत असतो. म्हणून नाभीपासून डोक्यापर्यंत तीन मिनिटांहून जास्त, किंवा नितंबांपासून डोक्यापर्यंत पाच मिनिटांहून जास्त वेळ लागत असेल तर मदत करावी, असं ब्रिटिश सूचनांत म्हटलं आहे.

आणि नेमक्या याच वेळी अननुभवी हात घाबरून बाळाला ओढतात. ओढलं की बाळाचे हात डोक्याच्या वर जातात, हनुवटी छातीवरून सुटते आणि डोकं अडकतं. कसलेली व्यक्ती हात मागे ठेवते. आईच्या जोरानेच बाळाला येऊ देते, फक्त पाठ वरच्या बाजूला राहील याकडे लक्ष ठेवते. खांदे अडले तर बाळाला कमरेच्या हाडांवर धरून फिरवते. डोक्यासाठी बाळाचं धड आपल्या हातावर घेते, दोन बोटं गालांच्या हाडांवर ठेवते आणि दुसऱ्या हाताने मागून डोकं पुढे झुकवते, म्हणजे हनुवटी पुन्हा छातीला टेकते. हे पुस्तक वाचून येत नाही. २००० नंतर ब्रीचच्या नॉर्मल प्रसूती इतक्या कमी झाल्या की अनेक डॉक्टरांना शिकण्याच्या काळात त्या पाहायलाही मिळाल्या नाहीत.

‘पूर्वी पायाळू बाळं नॉर्मलच व्हायची’ असं घरचे म्हणतात. ते खोटं आहे का?

खोटं नाही. बहुसंख्य बाळं तेव्हाही सुखरूप झाली. पण जी गेली त्यांच्याबद्दल घरात कुणी बोलत नाही, म्हणून आठवणीत फक्त सुखरूप झालेलीच उरतात. मोठ्यांशी वाद घालू नका, वरचे आकडे त्यांनाही वाचून दाखवा.

बाळाचा ॲपगार कमी आला असं सांगितलं. म्हणजे मेंदूला इजा झाली का?

ॲपगार म्हणजे जन्मानंतर पहिल्या आणि पाचव्या मिनिटाला श्वास, ठोके, रंग, स्नायूंचा ताण आणि प्रतिसाद यांना दिलेले गुण. नॉर्मल ब्रीच प्रसूतीनंतर पहिल्या मिनिटाचे गुण कमी येणं बऱ्यापैकी नेहमीचं आहे. नाळ थोडा वेळ दाबली गेलेली असते, बाळ मलूल आणि फिकट दिसतं. मग अंग पुसताच, श्वासाला थोडी मदत मिळताच सावरतं. पाचव्या मिनिटाचे गुण आणि नाळेतल्या रक्ताची आम्लता जास्त काही सांगतात. तरीही नुसत्या ॲपगारवरून पुढचं भविष्य ठरत नाही. काळजीची खूण म्हणजे पहिल्या एक-दोन दिवसांतले झटके, दूध ओढता न येणं आणि सततची गुंगी. असं काही असेल तर बालरोगतज्ज्ञ बाळाला लक्षाखाली ठेवतात.

म्हणूनच नॉर्मल ब्रीच प्रसूतीच्या वेळी नवजात बाळाला श्वास द्यायला शिकलेली व्यक्ती खोलीत हजर हवी. फोनवर उपलब्ध असून भागत नाही.

सिझेरियनमध्ये बाळाला इजा होतच नाही का?

कमी होते, पण होऊ शकते. नॉर्मलमध्ये खांद्याजवळच्या नसा ताणल्या जाणं, गळपट्टीचं किंवा दंडाचं हाड मोडणं, नितंबांवर आणि जननेंद्रियांवर काळेनिळे डाग येणं, आणि क्वचित डोक्यात रक्तस्राव हे प्रकार दिसतात. डाग भयंकर दिसतात पण काही दिवसांत जातात. सिझेरियनमध्येही बाळ पायांकडून किंवा नितंबांकडूनच बाहेर काढायचं असतं. छेद लहान पडला तर डोकं तिथेही अडतं, आणि मांडीचं हाड मोडल्याच्या घटना सिझेरियननंतरही नोंदल्या गेल्या आहेत.

सिझेरियनचे बाळावर इतर काही परिणाम?

सर्वात सामान्य म्हणजे श्वासाची धाप. कळा न येता जन्मलेल्या बाळाच्या फुप्फुसातलं पाणी निघून जायला वेळ लागतो, श्वास भराभर चालतो आणि एक-दोन दिवस ऑक्सिजन लागू शकतो. हे सहसा पूर्ण बरं होतं. ३९ आठवडे भरण्याआधी केलेल्या सिझेरियनमध्ये हा त्रास जास्त दिसतो, म्हणून दुसरं वैद्यकीय कारण नसेल तर तारीख अलीकडे ओढण्याचा आग्रह धरू नका.

पुढच्या बाळंतपणाचाही विचार करायला हवा. गर्भाशयावर व्रण राहतो. पुढच्या वेळी वार (प्लेसेंटा) खाली किंवा व्रणात खोल रुजण्याची आणि कळांच्या वेळी व्रण उसवण्याची शक्यता थोडी वाढते, आणि दर सिझेरियनला ती वाढत जाते. ज्यांना एकच मूल हवं आहे आणि ज्यांना तीन हवी आहेत त्यांचा हिशेब म्हणून सारखा नसतो.

नॉर्मलचा प्रयत्न कुणी करू नये?

फूटलिंग ब्रीच, सोनोग्राफीत मान मागे ताणलेलं बाळ, फार मोठं बाळ (ब्रिटिश सूचनांत ३.८ किलोंवर), वाढ खुंटलेलं बाळ, आधीच त्रासात असल्याची चिन्हं असलेलं बाळ, किंवा वार खाली असणं. यातलं काहीही असेल तर नॉर्मलचा हट्ट धरू नका. मान मागे ताणलेली असेल तर नॉर्मलमध्ये मानेच्या मज्जारज्जूला इजा होण्याची भीती असते.

यातलं काहीच नसेल, तरी जिथे रात्री-अपरात्री तातडीचं सिझेरियन होऊ शकत नाही तिथे नॉर्मलचा बेत करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

बाळाला बाहेरून फिरवता येतं का?

येतं, आणि हा पर्याय प्रत्येकीला सांगितला गेलाच पाहिजे. दुर्दैवाने अनेकींना तो कळतच नाही. पहिलटकरणीत ३६ आठवड्यांनंतर आणि आधी बाळंतपण झालेलीत ३७ नंतर, अनुभवी डॉक्टर पोटावरून हातांनी बाळाला कोलांटी घ्यायला लावतात. आधी सोनोग्राफी आणि ठोक्यांची तपासणी होते, बऱ्याचदा गर्भाशय सैल पडायला इंजेक्शन देतात, नंतर पुन्हा ठोके पाहतात. आईचा रक्तगट आरएच निगेटिव्ह असेल तर अँटी-डीचं इंजेक्शन लागतं.

सुमारे निम्म्या जणींमध्ये बाळ फिरतं. पहिलटकरणींत थोडं कमी, इतरांत जास्त. फिरलेलं बाळ पुन्हा उलटण्याचं प्रमाण ५ टक्क्यांहून कमी आहे. लगेच सिझेरियन करावं लागण्याची वेळ दोनशेतल्या एखादीवर येते, म्हणून हे शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयातच करतात. वार खाली असेल, नुकताच रक्तस्राव झाला असेल, पाणमोट फुटली असेल किंवा ठोके बरे नसतील तर करत नाहीत. घरी कुणाकडून पोट चोळून बाळ फिरवून घेणं म्हणजे हे नव्हे. तिथे ठोके पाहणारं यंत्र नसतं आणि वार सुटली तर हाताशी काही नसतं.

पायाळू बाळांमध्ये मुळातच काही दोष असतो का?

बहुतेकांमध्ये नाही. पण गर्भाशयाचा आकार वेगळा असणं, गाठी, वार खाली असणं, पाणी फार कमी किंवा फार जास्त असणं आणि क्वचित बाळाच्या मेंदूचे किंवा स्नायूंचे आजार यांमुळे बाळ फिरत नाही. त्यामुळे जन्मानंतर दिसलेल्या प्रत्येक अडचणीला प्रसूतीची पद्धतच जबाबदार असते असं नाही. सिझेरियन केलं असतं तर हे टळलं असतं का, या विचाराने स्वतःला पोखरत असाल तर बालरोगतज्ज्ञांना कारण स्पष्ट विचारा. अनेकदा उत्तर ‘नाही’ असंच येतं.

कळा सुरू झाल्यावरच ब्रीच असल्याचं कळलं तर?

असं घडतं. केंब्रिजमध्ये पहिलटकरणींची ३६ आठवड्यांना सरसकट सोनोग्राफी केली तेव्हा सापडलेल्या १७९ ब्रीच बाळांपैकी ९६ जणींबाबत आधी कुणाला शंकाही आलेली नव्हती. नुसत्या हाताच्या तपासणीत डोकं आणि नितंब यांची गफलत होऊ शकते.

अशा वेळी प्रसूती किती पुढे गेली आहे त्यावर सगळं अवलंबून असतं. वेळ असेल तर सोनोग्राफी करून ठरवता येतं. नितंब बाहेर दिसू लागले असतील तर घाईचं सिझेरियन उलट जास्त अवघड जाऊ शकतं. पाणमोट फुटली आणि बाळ ब्रीच आहे हे तुम्हाला माहीत असेल तर कळांची वाट न पाहता रुग्णालय गाठा. योनीमार्गात नाळ लागली किंवा दिसली तर गुडघे आणि छाती टेकून, कंबर वर करून थांबा आणि ताबडतोब ॲम्ब्युलन्स बोलवा. नाळ आत ढकलायचा प्रयत्न करू नका.

अपुऱ्या दिवसांचं किंवा जुळं असेल तर हेच आकडे लागू होतात का?

नाही. अपुऱ्या दिवसांच्या बाळात धडाच्या मानाने डोकं मोठं असतं, पूर्ण न उघडलेल्या गर्भाशयाच्या तोंडात ते अडकू शकतं. निर्णय आठवडे, वजन आणि प्रसूतीची अवस्था पाहून होतो, एकच नियम नाही. जुळ्यांत पहिलं बाळ ब्रीच असेल तर सहसा सिझेरियन सुचवतात. पहिलं डोक्याने आणि दुसरं ब्रीच असेल तर गोष्ट वेगळी: २०१३ मध्ये आलेल्या एका मोठ्या अभ्यासात, पहिलं बाळ डोक्याने असलेल्या जुळ्यांत ठरवून सिझेरियन केल्याने बाळांचा धोका कमी झाला नाही.

डॉक्टरांना काय विचारू?

बाळ कोणत्या प्रकारचं ब्रीच आहे, मान कशी आहे, वजन किती, बाहेरून फिरवण्याचा प्रयत्न इथे होतो का. नॉर्मल करायचं म्हटलं तर ती कोण करणार, त्यांनी अशा प्रसूती अलीकडे केल्या आहेत का, आणि त्या दिवशी तेच असतील का. शेवटचा प्रश्न विचारायला संकोच वाटतो, पण तोच सर्वात महत्त्वाचा. चांगल्या डॉक्टरांना त्याचा राग येत नाही. ‘इथे आम्ही करत नाही’ असं प्रामाणिक उत्तर मिळालं तर ते कौशल्य असलेल्या ठिकाणी जायचं की सिझेरियन करायचं, हे तुम्ही शांतपणे ठरवू शकता.

सिझेरियन झालं, बाळ ठणठणीत आहे. आता ब्रीचचा विषय संपला ना?

एक गोष्ट उरते: खुबा. पायाळू बाळांत, विशेषतः मुलींमध्ये, खुब्याचा सांधा उथळ राहण्याचं प्रमाण जास्त असतं. पोटात पाय ज्या स्थितीत राहिले त्याच्याशी याचा संबंध आहे, म्हणून सिझेरियनने ते टळत नाही. फ्रँक ब्रीच बाळाचे पाय पहिले काही दिवस तोंडाकडे जातात. ते आपोआप सैल होतात, ताणून सरळ करू नका आणि पाय जुळवून घट्ट गुंडाळू नका. ३६ आठवड्यांना किंवा नंतर बाळ ब्रीच असेल, मग पुढे ते फिरलेलं का असेना, तर जन्मानंतर साधारण सहा आठवड्यांच्या आत खुब्याची सोनोग्राफी करून घ्या. बाळाच्या हालचालीवरून हा दोष सुरुवातीला कळत नाही. लवकर सापडला तर बहुतेकदा काही आठवड्यांच्या पट्ट्याने भागतं, चालायला लागल्यावर सापडला तर ऑपरेशनची वेळ येऊ शकते. डिस्चार्जच्या कागदावर ‘ब्रीच’ असं लिहिलेलं आहे ना, हे घरी निघण्याआधी पाहून घ्या.